घर कोणाचे, हे नक्की कोण सांगते?

घराचा दस्त नोंदवून दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडणारे कुटुंब लांबूनही ओळखू येते. हातात नुकते छापलेले कागद असतात आणि कोणीतरी फोनवर सांगत असते, "झालं बाई एकदाचं, घर नावावर झालं." मुद्रांक शुल्क भरले, फोटो निघाला, अंगठा घेतला, साहेबांनी सही केली आणि घर आपले आहे हे सरकारने मान्य केले. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळे खरे आहे.

साहेबांनी, म्हणजे दुय्यम निबंधकांनी, तपासले तरी काय? १९०८ चा नोंदणी कायदा त्यांना जे काम देतो ते नेमके आहे आणि अगदी मर्यादित आहे. दस्तावर ज्यांची नावे आहेत तीच माणसे समोर उभी आहेत का आणि 'हा दस्त मीच करून दिला' असे ती कबूल करतात का, हे त्यांनी पाहायचे. मुद्रांक पुरेसा लावला आहे का, सरकारने बंदी घातलेल्या एखाद्या प्रकारात हा व्यवहार बसतो का, हेही पाहायचे. पण विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही. तामिळनाडूने एकदा तो आणायचा प्रयत्न केला. मालकीचा कागद दाखवला नाही तर नोंदणी नाकारावी, असा नियम तिथे झाला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मालकीची शहानिशा हे निबंधकाचे काम नाही, असे न्यायालयाने सांगितले. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच दस्ताने पुढे जातो; काहीच नसेल तर काहीच जात नाही.

मग घर कोणाचे, हे आपल्याकडे सांगते कोण? या प्रश्नाच्या मागे लागले की एकेक दार उघडत जाते आणि प्रत्येक दाराआड बसलेला माणूस म्हणतो, "माझ्याकडे एवढीच नोंद आहे, बाकीचे पुढच्या खिडकीवर." सगळ्या खिडक्या संपल्यावर लक्षात येते की 'हे घर यांचेच' असे हमीने सांगणारी खिडकी कुठेच नाही. तरीही देशात रोज हजारो घरे विकली जातात, त्यांवर बँका कर्जे देतात आणि बहुतेक व्यवहार निभावून जातात. हे कसे जमते, ते पाहण्यासारखे आहे.

पूर्वी सारे गाव साक्षीला

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा किंवा मिराशीच्या जमिनीचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांतले जाणते लोक एकत्र बसत. निवाडा झाला की त्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना लिहिता येई ते सही करत, बाकीचे आपापली निशाणी काढत. पाटलाचा नांगर त्या कागदांवर वारंवार भेटतो. माहिती असणारे, साक्ष देणारे आणि निवाडा करणारे हे तिघे एकाच बैठकीत असत. जमीन कोणाची हे त्यांनी कुठे शोधायला जायचे नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पिढ्यान्‌पिढ्या कसली गेलेली असे.

मुलुंडमधल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर हे चालणार नाही. तिथे लिफ्टमधल्या माणसाला शेजारच्या फ्लॅटचा मालक कोण याची कल्पना नसते. म्हणून गोतसभेचे काम तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले. एका खात्याकडे दस्त, दुसऱ्याकडे जमिनीचा नकाशा, तिसऱ्याकडे कर, संस्थेकडे सभासदांची नावे, बँकेकडे मूळ कागद.

जगात याला दुसरा पर्याय निघाला होता. रॉबर्ट टॉरेन्स हे दक्षिण ऑस्ट्रेलियात जकात खात्याचे प्रमुख होते. जहाज विकले की नोंदवहीत मालकाचे नाव बदलते आणि मालकी कोणाची हा वाद तिथेच मिटतो, मग जमिनीचे तसे का होऊ नये, असे त्यांनी विचारले. १८५८ मध्ये तिथे तसा कायदाच झाला. सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, ही सरकारची हमी. आपल्याकडे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांनी १९८९ साली अशीच हमी देणारी पद्धत भारतात आणावी, असा अहवाल दिला. तो मार्ग अजून चाचपडतोच आहे. तोवर आपले काम चालते ते कागदांच्या साखळीवर, आणि त्या साखळीची एकेक कडी वेगवेगळ्या माणसांच्या हातात असते.

दलाल आणि वकील

समजा, मुलुंडच्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट विकायला निघाला आहे. हिशेबाला सोपे जावे म्हणून किंमत एक कोटी रुपये धरू.

पहिला भेटतो दलाल, ज्याला आता एजंट म्हणतात. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पातली घरे विकायची तर त्याला महारेराची, म्हणजे राज्याच्या नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीला मात्र हे बंधन लागू होत नाही. दलालाचे कौशल्य खरे असते. कुठल्या गल्लीत कोणता भाव चालू आहे, कोण घाईत आहे, कोण नुसतीच घरे बघत फिरतो आहे, हे त्याला कळते. पण दलाली बहुतेक वेळा तो दोन्ही बाजूंकडून घेतो, आणि तीही व्यवहार झाला तरच. म्हणजे तो तुमचाही नाही आणि समोरच्याचाही नाही, तो व्यवहाराचा. कागद स्वच्छ असल्याचे त्याने सांगितले तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की व्यवहार व्हावा असे त्याला वाटते.

टोकन देण्याची घाई इथेच होते. ज्याला जुनी माणसे विसार म्हणतात तो देताना पावतीवर एक ओळ असावी: कागदपत्रांत दोष निघाला तर रक्कम परत. पुढची सगळी माणसे जो दोष शोधणार असतात, त्याची किंमत या एका ओळीवर ठरते.

दुसरा वकील. तो 'सर्च' घेतो, म्हणजे त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त मागे मागे पाहत जातो. नोंदणी कार्यालयात प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये असतो. सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. विकणारा, घेणारा, मिळकत, मोबदला, बाजारभाव, मुद्रांक, तारीख, सगळे एका पानात. आणि यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की स्थावर मिळकतीच्या दस्तांची ही नोंदवही आणि तिच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. नाते सांगावे लागत नाही, कारण द्यावे लागत नाही. अलीकडच्या बऱ्याच नोंदी तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. संपूर्ण अनोळखी माणसाला तुमच्या घराचा इतिहास वाचायची मुभा कायद्याने शतकभरापूर्वीच देऊन ठेवली आहे.

सर्च साधारण तीस वर्षांचा घेतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. गहाण ठेवलेली मिळकत सोडवून घेण्याचा दावा करायला १९६३ चा मुदतीचा कायदा तीस वर्षे देतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानता येतो, असे पुराव्याचा कायदा सांगतो. तीस वर्षांपलीकडचे भूत उठून बसण्याची शक्यता कमी, एवढेच हे गणित. वकिलाच्या अहवालात 'अमुक वर्षाच्या नोंदवहीची पाने फाटलेली आहेत' अशी ओळही पुष्कळदा असते. त्याचा अहवाल हे मत आहे, जबाबदारीने दिलेले पण मतच. जे नोंदले गेले तेच त्याला दिसते. कपाटातले मृत्युपत्र किंवा भावाभावांत तोंडी झालेली वाटणी सूचीत उतरत नाही.

त्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. चहाबरोबर आपण ज्या पानावर नजर न टाकता पुढे जातो, तिथे ती बारीक अक्षरांत असते. तमाम लोकांस कळवले जाते की या मिळकतीत कोणाचा विक्री, गहाण, दान, बक्षीस, अदलाबदल, वारसा, पोटगी, ताबा किंवा अन्य कोणताही हक्क असेल, तर चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. कुटुंबात मालमत्तेवरून होऊ शकणारे झाडून सारे तंटे त्या एका वाक्यात रांगेने उभे असतात. गोतसभा भरवता येत नाही, म्हणून वर्तमानपत्रातून गोताला हाक मारायची. कोणी हरकत घेतली नाही म्हणजे हक्कदार नाहीच, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण आपण विचारले होते, हे मात्र सिद्ध होते.

संस्था आणि तिच्या पायाखालची जमीन

आता संस्थेचे सचिव. त्यांच्या हातात शेअर सर्टिफिकेट, सभासदांच्या नोंदवह्या आणि थकबाकीचा हिशेब. फ्लॅट विकला की सभासदत्व आणि भाग यांचे हस्तांतरण संस्था करते. त्यासाठी हस्तांतरण फी पाचशे रुपये. वर अधिमूल्य घेतलेच तर महापालिका क्षेत्रात ते पंचवीस हजारांच्या वर नेता येत नाही, असा सरकारी निर्णय ऑगस्ट २००१ पासून आहे. 'इमारत रंगवायची आहे, दोन लाख द्या' म्हणणाऱ्या कमिटीला हा आकडा शांतपणे दाखवता येतो. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सभासदत्व मिळाले असे कायदा मानतो.

संस्थेला काय ठाऊक नसते, तेही पाहावे. वडील गेले आणि नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव संस्थेच्या दप्तरी लागले, म्हणजे तो मालक झाला का? नाही. संस्थेने व्यवहार कोणाशी करायचा, एवढे नॉमिनेशन ठरवते; वारसांचे हक्क जागेवर राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. म्हणून शेअर सर्टिफिकेटवर एकट्याचे नाव पाहून थांबायचे नाही. अमेरिकेत असलेली बहीण आणि सांगलीला दिलेली बहीण यांच्या सह्या किंवा नोंदवलेली हक्कसोडपत्रे कुठे आहेत, हे विचारायचे.

सर्वांत मोठे आश्चर्य मात्र या इमारतीच्या पायाखाली आहे. फ्लॅट तुम्ही घेतलात, जमीन कोणाची? महाराष्ट्रातल्या रीतीप्रमाणे बिल्डर फ्लॅट विकतो, फ्लॅटधारक सहकारी संस्था काढतात आणि मग बिल्डरने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. १९६३ च्या मोफा या सदनिका मालकीच्या कायद्याने ही जबाबदारी बिल्डरवर टाकली. पण कित्येक इमारतींत माणसे नांदली, म्हातारी झाली आणि जमिनीच्या कागदावर बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचेच नाव राहिले. वाढीव चटईक्षेत्र आले, पुनर्विकास आला आणि त्या नावाची किंमत एकदम कळली. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट निघाली. बिल्डर येत नसेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे जाते आणि तिथून आदेश घेऊन जमीन आपल्या नावे करून घेते.

ते झाले आहे का, हे कळते नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर. शहराबाहेर हेच काम सातबारा करतो. खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी महसूल खात्याकडे जाते, तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एवढे सोपस्कार पाहून सातबारा म्हणजेच मालकी असे वाटणे साहजिक आहे. पण महसुली नोंद मुळात शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी. ती खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. केवळ फेरफाराने मालकी जन्मत नाही किंवा संपत नाही, असे न्यायालये पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. महापालिकेची मालमत्ता कराची पावतीही याच जातीची: कर कोणी भरला, एवढेच ती सांगते.

बँक पाहते ते बँकेसाठी

घेणाऱ्याला कर्ज मिळाले की पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो. बँकेने वकील नेमला, मूल्यांकन करणारा येऊन भिंती पाहून गेला, कर्ज मंजूर झाले. म्हणजे घर निर्धोक! बँकेची तपासणी उपयोगी खरी, पण बँकेचा वकील बँकेला उत्तर देतो. दिलेले कर्ज वसूल होईल का, एवढाच त्याचा प्रश्न. मूल्यांकन करणाराही तसाच. उद्या घर विकून पैसे निघतील का, हे तो पाहतो. तुम्ही जास्त भाव दिलात का, याचे त्याला सोयरसुतक नसते. त्या तपासणीची फी मात्र तुमच्याच खिशातून जाते.

बँक तारण कसे घेते, हेही ऐकण्याजोगे आहे. मूळ कागद बँकेकडे जमा केले की गहाण पुरे होते. ही सोय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई यांसारख्या व्यापारी शहरांना दिली होती, आजही तीच चालते. पण कागद नुसते तिजोरीत गेले तर जगाला कळणार कसे? म्हणून महाराष्ट्रात बँकेकडे कागद ठेवल्याची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते, आणि २०११ पासून सेरसाई नावाची देशव्यापी नोंदवहीही आहे. एकच फ्लॅट दोन बँकांना दाखवणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली.

विकणाऱ्याचेच कर्ज बाकी असेल, तर घेणाऱ्याची बँक थेट विकणाऱ्याच्या बँकेच्या नावे धनादेश काढते. पहिल्या बँकेतून कागद सुटतात आणि दुसरीच्या तिजोरीत जातात. नव्या मालकाला त्यांचे दर्शन वीस वर्षांनी, कर्ज फिटल्यावर. तेव्हा ते परत करायला बँकेला तीस दिवसांची मुदत आहे. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

सरकारचा वाटा, आणि तुमच्यावर आलेली नोकरी

भाव तुम्ही दोघांनी ठरवला. पण तिसराही कोणीतरी तुमच्या घराचा भाव आधीच ठरवून बसलेला असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे रेडी रेकनर, विभागवार दर सांगतात. मुद्रांक शुल्क लागते ते करारातली किंमत आणि हा सरकारी भाव यांपैकी जे जास्त असेल त्यावर. आपल्या एक कोटीच्या फ्लॅटला मुंबईत सहा टक्क्यांनी सहा लाख. घेणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असतील तर एक टक्का सवलत, म्हणजे पाच लाख. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार. महाराष्ट्रात आणखी एक मेख आहे: ताबा देणारा किंवा देण्याचे कबूल करणारा करार हा मुद्रांकापुरता खरेदीखतासारखाच मोजतात. म्हणून पूर्ण शुल्क करारालाच भरून टाकतात आणि पुढचे खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होते.

आणि आता गंमत. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून एक टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो. आपल्या उदाहरणात एक लाख. आयुष्यात कधी कुणाचा पगार न काढलेला माणूस त्या महिन्यापुरता आयकर खात्याचा वसुली कारकून होतो, आणि कर भरल्याचे प्रमाणपत्र विकणाऱ्याला देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम बदलतात आणि कापायची रक्कम खूपच वाढते. म्हणून 'तुम्ही सध्या राहता कुठे?' हा प्रश्न नुसत्या ओळखीपुरता राहत नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून हे वरचेवर घडते. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा आहे आणि मुलगा न्यू जर्सीत. तो कुलमुखत्यारपत्र करतो, भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करतो, आणि कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. मग इथला काका त्याच्या वतीने सही करतो. पण नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेतले' असे होत नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले. मुखत्यार सही करू शकतो. मालकी मात्र नोंदवलेल्या खरेदीखतानेच जाते.

गोव्यात आणखी एक सही लागते. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. कागदावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी पत्नीच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात जी सही मागायची कोणाला आठवणही होणार नाही, तिच्यावाचून पेडण्यात व्यवहार अडतो.

नोंदणीचा दिवस, आणि त्यानंतरचे

एवढे सगळे झाले की आपण पुन्हा त्या टेबलाशी येतो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला यायला हवा. माहिती संगणकात आधीच भरलेली असते. दोन ओळखदार सांगतात की ही माणसे तीच. फोटो, अंगठे, पानोपान क्रमांक, दस्ताचे स्कॅनिंग, आणि थोड्या वेळाने इंडेक्स टू हातात. आता या टेबलाचे खरे मोल कळते. साहेबांनी मालकीची हमी दिली नाही, पण त्यांनी तुमचा व्यवहार जगासमोर उघडा ठेवला. यापुढे कोणीही अनोळखी माणूस हा फ्लॅट घ्यायला आला तर त्याला तुमचे नाव दिसणार. घरात बसून केलेल्या कागदाला हे बळ नाही.

त्यानंतरची धावपळ मालकाची: संस्थेत हस्तांतरणाचा अर्ज, महापालिकेत कराच्या नोंदीत नाव, वीजमीटर नावावर. यातले एकही कार्यालय दुसऱ्याच्या नोंदीने आपोआप जागे होईल, असे धरून चालू नये.

नव्या इमारतीत माणसे वाढतात. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरने ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. त्यातून पैसे काढायला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांचे दाखले लागतात. नोंदवलेला करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकामातला गंभीर दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. पण महारेराचा क्रमांक म्हणजे प्रकल्प नोंदलेला आहे आणि त्याची माहिती जाहीर आहे, इतकेच. ती माहिती वाचायची कोणी, ते महारेरा सांगत नाही.

शेवटी दोघेच उरतात

इतकी माणसे भेटली, पण हमी कुठेच मिळाली नाही. ती १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. तिथे बँक नाही, संस्था नाही, दलाल नाही. फक्त विकणारा आणि घेणारा. 'मी जो हक्क देतो आहे तो माझ्याकडे आहे आणि तो देण्याचा मला अधिकार आहे' असे वचन विकणाऱ्याने दिले आहे, असे हे कलम धरून चालते. करारात दोघांनी वेगळे काही ठरवले नसेल, तर हे वचन न लिहिताही लागू होते. मिळकतीतला किंवा मालकीतला जो दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. घेणाऱ्यावरही उलटे बंधन आहे: विकणाऱ्याच्या हक्काची किंमत वाढवणारी एखादी गोष्ट विकणाऱ्याला माहीत नाही आणि घेणाऱ्याला आहे, तर घेणाऱ्याने ती सांगावी. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याने खरेदीदाराकडून एवढ्या सचोटीची अपेक्षा ठेवावी, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते.

त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे, थोडे धाक घालणारे. दस्त रीतसर नोंदलेला असेल तर तो तुम्ही वाचला आहे असेच कायदा समजतो, मग तुम्ही वाचलेला असो वा नसो. नोंदवही सर्वांना उघडी ठेवण्याची ही दुसरी बाजू. दार उघडे होते, तुम्ही आत गेला नाहीत, ही सबब चालत नाही.

म्हणून टोकन देण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. दलाल, वकील, सचिव, बँकेचा वकील, मूल्यांकन करणारा, दुय्यम निबंधक, तलाठी किंवा नगर भूमापन, महापालिका अशी नावे एकाखाली एक लिहावीत, आणि प्रत्येकापुढे तीन उत्तरे: हे काय तपासतात, काय तपासत नाहीत, आणि यांना पैसे कोण देते. जुन्या साखळीतला एखादा करार, एखाद्या वारसाची सही, जमिनीचे कन्व्हेयन्स अशी जी गोष्ट कोणाच्याच रकान्यात आली नाही, तिच्यापुढे स्वतःचे नाव लिहावे आणि ती तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गोतसभा गेली तेव्हा तिच्यातले हे एक काम कुठल्याच कार्यालयाकडे गेले नाही. ते घेणाऱ्याकडे आले.